तिसरा ढीग

शर्वरी पाण्याची बाटली भरून परत येईपर्यंत आत्यांनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, जबाब देऊन टाकला होता.

उपचाराच्या नोंदणी-खिडकीपलीकडचा माणूस काही वाईट नव्हता. त्याने पडद्यावरचा प्रश्न सावकाश, दोनदा वाचून दाखवला होता: 'अहवालात नमूद केलेले अन्न रुग्णाने स्वेच्छेने खाल्ले काय?' आणि महादेवी रेवणसिद्ध म्हमाणे, वय बासष्ट, यांनी पदर सावरून ठणकावून सांगितलं होतं, "स्वेच्छेनंच की! आमच्या घरात खाण्यापिण्यात कुणी कुणाला बळजबरी करत न्हाई. तसलं घर न्हाई आमचं."

माणसाने 'होय'वर बोट टेकवलं. यंत्रातून चिठ्ठी सरकत बाहेर आली. वर्ग क. प्रतीक्षा अकरा महिने.

"बघ, झालंसुद्धा," आत्या सुनेला म्हणाल्या. "तू उगं घाबरत हुतीस. चांगला मानूस हाय. पटकन उरकलं त्यानं."

शर्वरीने चिठ्ठी वाचली. उपचाराविना आत्या किती काढतील याचा जो आकडा डॉक्टर मुजावरांनी मागच्या आठवड्यात तिला बाजूला घेऊन सांगितला होता, तो चार महिन्यांचा होता. तिने खिडकीतून आत डोकं घालून विचारलं, "हे बदलता येईल?"

"जबाब रुग्णाचा आहे ताई. रुग्णच बदलू शकतो. सुनावणी मागा," माणूस म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

आत्यांच्या यकृतात गाठ होती. जुन्या पद्धतीने कापायच्या पलीकडची, पण नव्या पेशी-उपचाराच्या आवाक्यातली. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना गाठ ओळखायला शिकवून परत सोडायच्या. दहातले सहा जण बरे होत होते. अडचण एवढीच, की या उपचाराच्या खाटा अख्ख्या राज्यात दोनशेच होत्या, आणि रांग लावायची कशी, हे ठरवायला उपचार-अग्रक्रम मंडळ बसलं होतं. मंडळाच्या हाती एक नवं साधन आलं होतं. ठसा-तपासणी.

डॉक्टर मुजावरांनी शर्वरीला ती समजावली तेव्हा टेबलावरचा कागद उलटा करून त्यावर लिहूनच दाखवलं होतं. "पेशी दुभंगते तेव्हा स्वतःच्या जनुकांची नक्कल करते. लांबलचक मजकूर. नकलेत चुका होतात. पण प्रत्येक विषाची चूक करायची तऱ्हा वेगळी असते. धुराची वेगळी, उन्हाची वेगळी. शाळेत बाईंना पोरांचं अक्षर ओळखू येतं ना, तसं आता आम्हाला गाठीतल्या चुका वाचून त्या कुणी केल्या ते ओळखता येतं. तुमच्या सासूबाईंच्या गाठीत एकच अक्षर सगळीकडे आहे. जनुकांच्या लिपीत जिथे 'जी' हवा तिथे 'टी'. हे अफ्लाटॉक्सिनचं अक्षर. शेंगदाण्यावर, मक्यावर बुरशी येते ना, तिचं विष. यकृत ते बाहेर टाकायला जातं आणि टाकता टाकता त्याला आणखी चिकट करून ठेवतं. मग ते जनुकाला जाऊन चिकटतं. तीस-चाळीस वर्षं हळूहळू."

"म्हणजे शेंगाचटणी?"

"चटणीला मी काही म्हणत नाही. सोलापुरात राहून म्हणेन कशाला?" डॉक्टर हसले, मग हसणं आवरून म्हणाले, "पण मंडळ म्हणेल."

मंडळाने तसंच केलं होतं. आजाराचं कारण वाचता येऊ लागल्यावर दोषही वाटता येऊ लागला. ज्यांचा आजार कामातून आला, रंगातून, धुळीतून, वायूतून, त्यांना वर्ग अ, तीन आठवड्यांत खाट. ज्यांच्या गाठीत कुणाचंच अक्षर ओळखू आलं नाही, त्यांना वर्ग ब. आणि ज्यांनी आपल्या जिभेचे लाड पुरवले, ते वर्ग क मध्ये, रांगेच्या शेवटी.

घरी पोचल्यावर मामांनी, म्हणजे शर्वरीच्या सासऱ्यांनी, चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "शेंगा कोण आणतं बाजारातनं?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. सात वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून शेंगदाणे तीच आणत होती.

"आमच्या आईच्या टायमाला असलं काय ऐकलं न्हवतं," मामा खोकत म्हणाले. त्यांची हयात यंत्रमागावर गेली होती आणि बोलताना मधूनच खोकल्याची उबळ यायची.

"बाबा, चाळीस वर्षांचा हिशेब आहे तो. शर्वरी सात वर्षांपूर्वी आली," मल्लिनाथ म्हणाला. पण म्हणताना त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

शर्वरी भांडली नाही. ती आधीच भीतीने अर्धी झाली होती. अहवाल आला त्या दिवशीच तिने दाण्यांचा डबा रिकामा केला होता, आणि त्यानंतर आठवडाभर सहा वर्षांच्या कावेरीच्या पापण्या ओढून डोळ्यांचं पांढरं बघत होती. पिवळं दिसतंय का? पोट दुखतंय का? मुलगी कंटाळून म्हणायची, "आई, परत?" मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. हे विष रक्तातल्या प्रथिनाला चिकटून दोनेक महिन्यांचा पुरावा ठेवतं. मामा स्वच्छ, मल्लिनाथ स्वच्छ, शर्वरी स्वच्छ, कावेरी अगदी स्वच्छ. फक्त आत्यांचं रक्त त्याने भरलेलं.

कावेरीचा कागद वाचून शर्वरीला इतकं हायसं वाटलं की ती न्हाणीघरात जाऊन रडली, आणि रडून झाल्यावर स्वतःचीच लाज वाटली. मग तिच्यातली रसायनशास्त्राची पदवीधर जागी झाली. एकच डबा, एकच उखळ, एकच चटणी. पाच माणसं. मग एकटीलाच कसं?

उत्तर रविवारी दुपारी मिळालं, कावेरीकडून.

मामांना चटणीशिवाय भाकरी उतरेना, म्हणून मल्लिनाथने नवे दाणे आणले होते. ते ताटात घेऊन कावेरी सैपाकघराच्या उंबऱ्यात मांडी घालून बसली होती आणि आजीसारखीच, बोटाच्या टोकाने एकेक दाणा बाजूला सारत होती.

"काय चाललंय?"

"निवडतीय." ताटात तीन ढीग होते. मोठा ढीग टपोऱ्या गुलाबी दाण्यांचा. "हा चटणीचा." दुसरा फोलपटं आणि खड्यांचा. "हा फेकायचा." तिसरा मूठभर. सुरकुतलेले, काळपट, काही टोकाला हिरवट. "आणि हा आज्जीचा."

शर्वरी खाली बसली. "आजीचा म्हणजे?"

"आज्जीचा म्हणजे आज्जीचा. तिला कडू आवडतात." कावेरीने त्यातला एक उचलला. "पण आज्जीला बरं न्हाई ना, म्हणून आता मी खाणार. वाया नाही घालवायचे." तिने दाणा तोंडात टाकला.

शर्वरीने पोरीच्या तोंडात बोट घालून दाणा बाहेर काढला. कावेरी घाबरून रडायला लागली. "आधी किती खाल्लेस? खरं सांग. किती?"

"हा पहिलाच हुता!"

रडं ऐकून आत्या भिंतीला धरत आल्या. शर्वरीने ताट त्यांच्यापुढे धरलं.

"आत्या, हे तुम्ही खाता?"

आत्यांनी ढिगाकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघतायत. "मग काय फेकायचे? अन्न हाय ते."

"किती वर्षांपासून?"

"लगीन झाल्यापास्नं. तुमच्या चटणीचं कुटून झालं की मागनं माझ्यापुरतं कुटते. लसूण-तिखट चढं घातलं की कळत न्हाई काय." त्यांनी कावेरीचे डोळे पदराने पुसले. "माझी सासू बी तेच करायची. पोट फुगून गेली बिचारी. तवा कुठं हुत्या तपासण्या?"

शर्वरीच्या डोक्यात कोडं सुटलं, आणि जे सुटलं ते कोड्याहून वाईट होतं. हे विष पोत्यात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. हजारातल्या पाच-दहा बिघडलेल्या दाण्यांत ते जवळजवळ सगळं साठलेलं असतं, आणि भाजलं तरी पुरतं जात नाही. सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे काढून टाकले की उरलेला ढीग बराचसा निर्धोक. मोठ्या कारखान्यांत यासाठी प्रकाशकिरणांची यंत्रं असतात. या घरात ते काम आत्यांच्या बोटांनी केलं होतं, यंत्राइतकंच चोख. चौघांच्या रक्ताचे स्वच्छ कागद हा त्याचाच पुरावा. फरक इतकाच होता की यंत्र बाजूला काढलेला माल स्वतः खात नाही.

दुसऱ्या दिवशी शर्वरी कामावर गेली. टॉवेल रंगवणाऱ्या एका कारखान्यात ती सुरक्षा विभागात होती. तिचं रोजचं काम म्हणजे संपर्क-तक्ता भरणं: कोणता कामगार, कोणत्या जागी, कोणत्या पदार्थाच्या संपर्कात, आठवड्याला किती वेळा, किती वर्षं, बचावाचं साधन काय. जेवणाच्या सुट्टीत तिने एक कोरा तक्ता पुढे ओढला आणि लिहायला लागली.

कामगार: महादेवी म्हमाणे. जागा: सैपाकघर. पदार्थ: अफ्लाटॉक्सिन. प्रक्रिया: निवडणे, कुटणे आणि बाजूला काढलेला माल खाऊन संपवणे. आठवड्याला दोनदा. एकेचाळीस वर्षं. बचावाचं साधन: काही नाही. या कामामुळे ज्यांचा बचाव झाला त्या व्यक्ती: चार. तिने चौघांची नावं लिहिली. कावेरीचं लिहिताना पेन कागदात रुतलं.

संध्याकाळी मल्लिनाथने तक्ता वाचला. "शर्वरी, घर म्हणजे कारखाना आहे का?"

"नियम वाच. 'कामाच्या ठिकाणी, कामाच्या ओघात झालेला संपर्क.' पगार मिळायला हवा असं कुठे लिहिलंय?"

"हसतील आपल्याला."

"हसू देत. मी तुला रोज डबा देते, त्यात कधी कडू दाणा आला?"

त्याने तक्ता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

मामा मात्र उसळले. "चारचौघांत जाऊन सांगायचं, की म्हमाण्यांच्या घरात बाईला सडकं खायला घालत्यात?"

"घालत नाहीत, मामा. त्या आपल्या आपणच खातात, आणि कुणाला दिसत नाही. एवढंच सांगायचंय."

"आणि मी न्हाई सांगणार ते," आत्या आतून म्हणाल्या. त्या खाटेवर आडव्या होत्या, पण कान सगळे बाहेर. "एकदा होय म्हणलंय मी. आता शब्द फिरवू? ह्यांची मान खाली घालू? गेले तर गेले. बासष्ट वर्षं काय कमी झाली?"

इथे मात्र शर्वरीची सहनशक्ती संपली. ती दारात जाऊन उभी राहिली. सात वर्षांत तिने आत्यांपुढे आवाज चढवला नव्हता.

"तुम्ही खुशाल जा. पण जाताना तुमचा ढीग कुणाला देऊन जाताय ते बघा. तुमच्या सासूनं तुम्हाला दिला. मला दिला नाहीत, कारण मी नोकरी करते, मला निवडायला वेळ नसतो. म्हणून तो सरळ कावेरीच्या हातात गेलाय. कुणी शिकवलं नाही तिला. सहा वर्षांची पोर बघून बघून शिकली की आपल्या वाट्याचं कडू असतं. काल माझं बोट तिच्या तोंडात होतं, आत्या. उद्या मी कामावर असेन."

मामांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खोकला आला.

आत्या उठून बसल्या आणि केसांची गाठ घट्ट बांधली.

"कुठं हाय म्हणलीस ती सुनावणी?"

मंडळाच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीत पन्नाशीच्या अध्यक्षबाई, डावीकडे एक डॉक्टर, उजवीकडे टंकलेखन करणारा लिपिक. समोरच्या बाकावर म्हमाणे कुटुंब. कावेरीला शेजारणीकडे ठेवलं होतं.

अध्यक्षबाईंनी तक्ता दोनदा वाचला. "हा नमुना कारखान्यांसाठी असतो."

"हो. माझ्या कारखान्यात मी रोज भरते," शर्वरी म्हणाली. "म्हणून तर भरता आला."

डॉक्टरांनी रक्ताचे अहवाल एकमेकांशेजारी ठेवून पाहिले आणि मान हलवली. "शास्त्र म्हणून बरोबर आहे. निवडणारी व्यक्ती नसती तर हे चारही कागद असे आले नसते."

"शास्त्र बरोबर असेल. प्रश्न स्वेच्छेचा आहे." बाई आत्यांकडे वळल्या. "आजी, तुम्ही काय काम करता?"

आत्यांच्या ओठांवर आयुष्यभराचं उत्तर आलेलं शर्वरीला दिसलं. काही नाही, घरीच असते.

"निवडते," आत्या म्हणाल्या.

"काय?"

"दाणे. तांदूळ, डाळ, ज्वारी. एकेचाळीस वर्षं झाली. आजवर कुणाच्या दाताखाली खडा गेला न्हाई. विचारा ह्यांना."

"पण खराब दाणे खा, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"मग ती स्वेच्छाच झाली ना?"

"बाई, सांगावं लागतंय व्हय?" आत्या पुढे वाकल्या. "तुमच्या घरात भाताची खरवड कोण खातं? करपलेली भाकरी कुणाच्या ताटात जाती? तिला कुणी चिठ्ठी लिहून सांगितलंय का? त्या दिवशी तुमच्या मानसानं इचारलं, स्वेच्छेनं का? मला वाटलं, घराची अब्रू इचारतोय. म्हणून होय म्हणलं. मला चांगले दाणे नको हुते असं मी कधीच म्हणले न्हाई. चांगले संपायचे."

लिपिकाचे हात थांबले होते. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "लिहून घ्या," त्या लिपिकाला म्हणाल्या, "जसंच्या तसं." मग तक्त्यावर बोट ठेवलं. "पण अर्ज अपुरा आहे. वर्ग अ साठी मालकाचं नाव आणि सही लागते. 'संपर्क माझ्याकडच्या कामाच्या ठिकाणी झाला', हे त्याने मान्य करावं लागतं. हा रकाना कोरा आहे. मालक कोण?"

तो रकाना शर्वरीने नाइलाजाने कोरा सोडला होता. तीन दिवस विचार करूनही तिला उत्तर सुचलं नव्हतं.

"मालक?" आत्यांनी आश्चर्याने मान वळवली. "हे काय, बसलेत की."

लिपिक फिसकन हसला. मामा दचकून सरळ झाले. "अगं, ते तसलं मालक न्हवं!"

"मग कसलं? एकेचाळीस वर्षं सगळ्या गल्लीत 'आमचे मालक' म्हणत आले, तवा बरं वाटत हुतं. आता सही आली तर तसलं न्हवं?"

"मी तुला विष घातलं, असं लिहून देऊ?"

"नाही, मामा," शर्वरी हळू बोलली. "निवडून काढलेले दाणे कुठे जातात, हे घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही. तेवढंच लिहून द्यायचंय."

"मी करतो सही," मल्लिनाथ उभा राहिला. "चटणी मीपण खाल्लीय."

"एकाच सहीची जागा आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि सही नसेल तर मी हे वर्ग क मध्येच ठेवायला बांधलेली आहे. असेल, तर एकविसाव्या दिवशी खाट."

मामा जमिनीकडे बघत होते. खोकल्याची उबळ आली, गेली. मग ते कुणालाच उद्देशून नाही असं बोलले, "माझ्या मालकानं सही केली न्हवती. मागाच्या धुळीनं छाती गेली म्हणून अर्ज घेऊन गेलो, तर म्हणला बिडीनं गेली. मी कधी बिडीला हात लावला न्हवता. फाटकात उभा हुतो दिवसभर." ते उठले. त्यांनी टेबलापर्यंत चार पावलं टाकली आणि हात पुढे केला. "द्या इकडं."

शर्वरीने पेन दिलं. मामांनी रकान्यात नाव लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ होती: 'असा संपर्क पुन्हा होऊ नये म्हणून मालक कोणती उपाययोजना करतील?' ते तिथे अडखळले. पेन हवेत धरून त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं.

"काय लिवू?"

आत्यांचे ओठ दोनदा हलले. फेका म्हणायची त्यांच्या तोंडाला सवय नव्हती.

"लिवा," त्या म्हणाल्या, "खराब निघालं की फेकायचं. कुणीच खायचं न्हाई. पोरीबाळींनी तर न्हाईच न्हाई."

मामा लिहू लागले. आत्या बाकाला धरून उठल्या, शर्वरीचा हात बाजूला सारून टेबलापाशी गेल्या आणि कागदावर वाकून एकेक अक्षर बघत राहिल्या.

"आता सही. आणि नीट करा," त्या म्हणाल्या. "वाचता आली पायजे."